पाळण्यातले पाय आणि मैदानातले पाय



आजच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय कळविल्यावर संयोजकांनी मला दूरध्वनी करून दोनदा खात्री करून घेतली. जन्मभर मराठी शिकविलेला, पंचाहत्तरीच्या घरात पोहोचलेला एक निवृत्त प्राध्यापक इंदूरच्या मराठी शाळेत येऊन अमेरिकेतील फुटबॉलवर बोलणार, हे त्यांना पटेना. मी त्यांना एवढेच म्हणालो, की विषय मैदानावरचा दिसला तरी प्रश्न वर्गातलाच आहे. एखाद्या तरुणाकडे पाहून ‘हा पुढे काय करील’ हे सांगता येते काय? येत असेल तर कशावरून? आणि चुकले तर ती चूक सांगणाऱ्याला कधी कळते काय?

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे वर्गशिक्षक असताना प्रत्येक मुलाविषयी एका वहीत दोन ओळी लिहून ठेवीत. त्या ओळी ते नेहमी शिसपेन्सिलीने लिहीत. शाईचा टाक समोर असताना पेन्सिल का, असे मी एकदा धिटाईने विचारले होते. त्यांनी दिलेल्या उत्तराकडे मी शेवटी येईन.

माझी कन्या मिशिगन राज्यातील ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी राहते. २०२४ च्या वसंत ऋतूत मी तेथे होतो. या गावात लाखाहून अधिक प्रेक्षक मावतील असे विद्यापीठाचे स्वतःचे क्रीडांगण आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत मिशिगनच्या संघाने अंतिम सामन्यात वॉशिंग्टन विद्यापीठाचा ३४–१३ असा पराभव करून राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते, आणि संपूर्ण हंगामात १५ पैकी एकही सामना गमावला नव्हता. त्यामुळे किराणा दुकानापासून ग्रंथालयापर्यंत सर्वत्र एकच चर्चा ऐकू येई : आपला क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी व्यावसायिक संघांत टिकेल काय? माझा नातूही मला रोज हेच विचारी. ‘आजोबा, तुम्ही इतकी वर्षं मुलांना मार्क दिलेत, तुम्हीच सांगा.’ त्याला उत्तर देण्याच्या निमित्ताने मी या खेळाचा जो थोडाफार अभ्यास केला, तो आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम खेळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. हा आपल्या परिचयाचा, पायाने खेळावयाचा फुटबॉल नव्हे. येथे चेंडू लंबगोल असतो आणि तो मुख्यतः हातांत घेऊन धावतात किंवा फेकतात. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. या चढाईचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. बहुतेक प्रत्येक डावपेचात चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो. त्यानंतर साधारणतः अडीच-तीन सेकंदांत त्याला प्रतिपक्षाची रचना ओळखावी लागते, आपल्या तीन-चार धावत्या सहकाऱ्यांपैकी कोण मोकळा होईल हे ताडावे लागते आणि तो जेथे पोहोचणार आहे त्या जागी चेंडू टाकावा लागतो. हे सर्व करताना सव्वाशे-दीडशे किलो वजनाची माणसे त्याला लोळविण्यासाठी अंगावर धावून येत असतात.

व्यावसायिक संघ ३२ आहेत, म्हणजे या कामाच्या प्रमुख जागाही ३२ च. उलट सर्वोच्च श्रेणीत खेळणाऱ्या विद्यापीठांची संख्या १३० हून अधिक आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये ‘ड्राफ्ट’ नावाचा निवडसमारंभ होतो. त्यात आदल्या हंगामात सर्वांत दुबळा ठरलेला संघ प्रथम निवड करतो आणि विजेता संघ शेवटी. अशा सात फेऱ्या होतात. संघांना आपली पाळी आपसांत बदलताही येते. ही पद्धत १९३६ पासून चालू आहे. तिचा आरंभच मोठा सूचक आहे. पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडला गेलेला शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर हा नामांकित खेळाडू व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही! आर्थिक बोलणी जमली नाहीत आणि त्याने दुसरा मार्ग धरला. निवड करणाऱ्याच्या गणितात निवडल्या जाणाऱ्याचे मन धरलेले नसते, हा धडा पहिल्याच वर्षी मिळाला.

निवड करणारे काय तपासतात? १९८७ पासून इंडियानापोलिस येथे दरवर्षी या उमेदवारांची मोठी चाचणी भरते. तीनशेहून अधिक तरुण तेथे बोलावले जातात. त्यांची उंची, वजन, एवढेच काय पण हाताच्या पंजाची रुंदीदेखील मोजली जाते. ४० यार्ड धावण्यास किती सेकंद लागतात हे शतांश सेकंदापर्यंत नोंदले जाते. वैद्यकीय तपासणी होते, मुलाखती होतात. अनेक वर्षे ‘वंडरलिक’ नावाची बुद्धिमापन चाचणीही घेत असत, बारा मिनिटांत पन्नास प्रश्न. २०२२ पासून ती तेथे बंद झाली. याखेरीज प्रत्येक सामन्याचे चित्रण पुनःपुन्हा पाहिले जाते. किती फेका झाल्या, किती सहकाऱ्यांच्या हाती पोहोचल्या, किती प्रतिपक्षाने हिरावल्या, याची कोष्टके मांडली जातात.

मॅकार्थीचे कोष्टक उत्तम होते. २०२३ च्या हंगामात त्याच्या ७२ टक्क्यांहून अधिक फेका अचूक पोहोचल्या, २२ टचडाऊन झाले आणि केवळ ४ फेका प्रतिपक्षाच्या हाती गेल्या. मुख्य क्वार्टरबॅक म्हणून त्याने २७ सामने जिंकले आणि एकच गमावला. मग शंका कसली? शंका अशी, की मिशिगनचा संघ इतका बलाढ्य होता, की त्याला फेकण्याची गरजच फार थोडी पडे. त्या हंगामातील पेन स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या महत्त्वाच्या सामन्यात मिशिगनने ओळीने ३२ वेळा चेंडू घेऊन धावण्याचाच मार्ग पत्करला. संपूर्ण सामन्यात मॅकार्थीच्या नावावर केवळ ८ फेका लागल्या. राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यातही त्याच्या १८ फेका आणि १४० यार्ड एवढाच हिशेब होता. म्हणजे उत्तरपत्रिका निर्दोष, परंतु प्रश्न थोडे आणि सोपे. अशा पत्रिकेवरून किती गुण द्यावेत, हा पेच आपल्यापैकी प्रत्येक परीक्षकाच्या परिचयाचा आहे.

विद्यापीठातील खेळावरून व्यावसायिक खेळाचा अंदाज बांधणे मुळातच कठीण का, याची मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण प्रतिस्पर्ध्यांचे. विद्यापीठात समोरच्या अकरांपैकी फार थोडे जण पुढे व्यावसायिक होणार असतात. व्यावसायिक मैदानावर सर्वच्या सर्व तसे असतात. विद्यापीठात सहकारी चार पावले मोकळा सुटतो, येथे जेमतेम वीतभर. रणजी सामन्यांत धावांचे डोंगर रचणारा फलंदाज कसोटीत चाचपडताना आपण पाहिला आहे. त्यातलाच हा प्रकार.

दुसरे कारण रचनेचे. अनेक विद्यापीठांत खेळाडूंना मैदानभर दूर दूर पसरवून क्वार्टरबॅकचे काम सोपे केले जाते. त्याने एक-दोन ठिकाणी पाहावयाचे आणि झटकन चेंडू सोडावयाचा. कित्येकदा रचना बाहेरून प्रशिक्षक वाचतो आणि खुणा करून सांगतो. मैदानही किंचित निराळे असते. खेळाची सुरुवात ज्या दोन खुणांच्या रेषांमध्ये होते, त्यांतील अंतर विद्यापीठाच्या मैदानावर ४० फूट असते, तर व्यावसायिक मैदानावर साडेअठरा फूट. त्यामुळे विद्यापीठात एका बाजूस मोठी मोकळी जागा मिळते, ती पुढे मिळत नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. ज्या गुणावर सर्व अवलंबून आहे, तो म्हणजे गोंधळात शांत राहून योग्य निर्णय घेणे. तो मोजावयाचा तर तो गोंधळच निर्माण करावा लागेल, आणि तो चाचणीच्या मैदानात निर्माण करता येत नाही. मग जे मोजता येते ते मोजतात, आणि मोजले गेले म्हणून तेच महत्त्वाचे वाटू लागते.

याचे उदाहरण ॲन आर्बरमध्येच घडले आहे. टॉम ब्रेडी हा याच मिशिगन विद्यापीठाचा विद्यार्थी. आरंभीची वर्षे तो राखीव खेळाडूंत होता. १९९८ व १९९९ मध्ये त्याला प्रमुख जागा मिळाली, परंतु १९९९ मध्येसुद्धा काही सामने त्याला आपल्याहून तरुण खेळाडूबरोबर वाटून घ्यावे लागले. २००० च्या चाचणीत ४० यार्डांस त्याला ५.२८ सेकंद लागले, म्हणजे तो चांगलाच मंद ठरला. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये सहा क्वार्टरबॅक त्याच्या आधी निवडले गेले. तो सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर, न्यू इंग्लंडच्या वाट्याला आला. पुढे त्याने २३ हंगामांत सात सुपर बोल जिंकले, जे दुसऱ्या कोणत्याही खेळाडूला साधलेले नाही.

आता या कथेचा एक मोह आहे, त्यापासून मी स्वतःला सावध करू इच्छितो. माझा संशोधनाचा विषय बखरी हा होता. बखर वाचताना एक गोष्ट पदोपदी जाणवते. बखरकाराला निकाल ठाऊक असतो. त्यामुळे विजयी पुरुषाच्या बालपणी त्याला तेजाची चिन्हे दिसतात आणि पराभूताच्या प्रस्थानसमयी अपशकुन दिसतात. ब्रेडीविषयीही आज असेच बोलले जाते. जानेवारी २००० मधील ऑरेंज बोल सामन्यात अलाबामाविरुद्ध दोनदा १४ गुणांनी मागे पडूनही त्याने ३६९ यार्ड फेकून ३५–३४ असा विजय खेचून आणला होता. तो सामना दाखवून लोक म्हणतात, ‘सर्व काही स्पष्ट होते, पाहणाऱ्यांना दिसले नाही.’ परंतु न्यू इंग्लंडलाही ते स्पष्ट नव्हते. असते तर १९९ व्या क्रमांकापर्यंत तो संघ थांबता ना! पहिल्या वर्षी ब्रेडी त्या संघाचा चौथा क्वार्टरबॅक होता. २००१ च्या सप्टेंबरमध्ये प्रमुख क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो, जो १९९३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडला गेला होता, गंभीर जखमी झाला आणि ब्रेडी मैदानात उतरला. ती दुखापत झाली नसती तर? या प्रश्नाला उत्तर नाही, आणि उत्तर नाही हेच ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

उलट दिशेचे उदाहरण १९९८ चे. टेनेसीचा पेटन मॅनिंग आणि वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ या दोघांत पहिला कोण, यावर जाणत्यांत खरोखरीचे मतभेद होते. मॅनिंग पहिल्या क्रमांकाने इंडियानापोलिसकडे आणि लीफ दुसऱ्या क्रमांकाने सॅन डिएगोकडे गेला. पहिल्या वर्षी मॅनिंगच्या २८ फेका प्रतिपक्षाने हिरावल्या आणि त्याचा संघ १६ पैकी तीनच सामने जिंकला. त्या वर्षअखेरीस कोणी शाईने शेरा लिहिला असता तर तो काय लिहिला असता? तथापि मॅनिंग सुधारत गेला आणि पाच वेळा वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. लीफची संपूर्ण कारकीर्द १४ टचडाऊन आणि ३६ हिरावलेल्या फेका एवढ्यावर थोड्याच वर्षांत आटोपली. अपयश पचविण्याची दोघांची शक्ती निराळी होती, असे आज म्हणतात. ते खरेही असेल. परंतु विद्यापीठात दोघांवरही असे अपयश कोसळलेलेच नव्हते, तर ते मोजणार कसे?

येथवर आपण व्यक्तीचा विचार केला. परंतु जागेचा विचार केल्यावाचून हे मूल्यमापन अपुरेच राहते. २०१७ मध्ये शिकागोच्या संघाने दुसऱ्या क्रमांकाने मिचेल ट्रुबिस्की याला निवडले. विद्यापीठात तो केवळ १३ सामने प्रमुख म्हणून खेळला होता. त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकाने कॅन्सस सिटीने पॅट्रिक महोम्स याला घेतले, पण त्याला लगेच मैदानात लोटले नाही. अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे त्याने वर्षभर शिकावे अशी व्यवस्था केली. पहिल्या वर्षी तो एकच सामना प्रमुख म्हणून खेळला. दुसऱ्या वर्षी त्याने ५० टचडाऊन फेका करून सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविला. महोम्सची प्रतिभा वादातीत आहे, पण त्या प्रतिभेला मिळालेले ते एक वर्षही विसरता येणार नाही.

याहून बोलके उदाहरण सॅम डार्नोल्डचे आहे. २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकाने निवडला गेलेला हा तरुण न्यूयॉर्क जेट्स संघात तीन वर्षे अयशस्वी ठरला. पुढे कॅरोलिना, मग सॅन फ्रान्सिस्को येथे राखीव जागा. त्याच्यावर ‘वाया गेलेला’ असा शिक्का बसला होता. २०२४ मध्ये तो मिनेसोटा संघात आला, चांगल्या सहकाऱ्यांत व चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळला, आणि ३५ टचडाऊन फेका करून त्याने संघाला १४ विजय मिळवून दिले. माणूस तोच होता, जागा बदलली होती. मग आधीचे परीक्षक चुकले की नंतरचे? माझ्या मते प्रश्नच चुकीचा होता. ‘हा कसा आहे’ एवढेच विचारून भागत नाही, ‘हा कोठे जाणार आहे आणि तेथे त्याचे काय होणार आहे’ हेही विचारावे लागते.

मग सर्वच अंदाज व्यर्थ काय? तसे मी म्हणणार नाही. २००६ मध्ये डेव्हिड लेविन या अभ्यासकाने असे मांडले, की आरंभीच्या फेऱ्यांत निवडल्या जाणाऱ्या क्वार्टरबॅकच्या बाबतीत दोनच गोष्टी पाहाव्यात : विद्यापीठात तो किती सामने प्रमुख म्हणून खेळला आणि त्याच्या किती टक्के फेका अचूक पोहोचल्या. यात तथ्य आहे, कारण दीर्घ काळचा पुरावा हा एका दिवसाच्या चाचणीपेक्षा विश्वसनीय असतो. आयोवा स्टेटचा ब्रॉक पर्डी चार वर्षे नियमित खेळला होता. तो २०२२ मध्ये २६२ व्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकाने निवडला गेला, आणि दुसऱ्याच हंगामात सुपर बोलमध्ये खेळला. परंतु वायोमिंगचा जॉश ॲलन याच्या जेमतेम ५६ टक्के फेका अचूक असत. नियमाप्रमाणे तो अपयशी ठरावयास हवा होता. तो २०२४ च्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. नियम वाट दाखवितो, मुक्काम सांगत नाही.

अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला एक निष्कर्ष मात्र मला अस्वस्थ करून गेला. वरच्या क्रमांकाने निवडलेल्या क्वार्टरबॅकना खेळण्याची संधी अधिक मिळते, पण प्रत्यक्ष मैदानावर प्रत्येक खेळीमागे त्यांची कामगिरी खालच्या क्रमांकाने निवडलेल्यांपेक्षा सरस असल्याचे आढळत नाही. यावर आक्षेपही घेतला जातो, आणि तो रास्त आहे : खालच्या क्रमांकाच्या ज्यांना संधीच मिळाली नाही, त्यांची तुलना करणार कशी? मला अस्वस्थ केले ते याच जागेने. ज्याला आपण नाकारतो, तो आपल्या चुकीचा पुरावा देण्यासाठी परत येत नाही. निवडलेल्यांच्या चुका दिसतात, नाकारलेल्यांच्या दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक परीक्षकाला आपला हिशेब आहे त्याहून चोख वाटत असतो.

येथे मला माझ्या हिशेबातील एक नोंद सांगितली पाहिजे. प्राध्यापक म्हणून माझी दहाएक वर्षे झाली असतील. एक विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र मागण्यास आला. परीक्षेत मध्यम, बोलताना अडखळणारा. तोंडी परीक्षेत त्याने माझ्या साध्या प्रश्नालाही नीट उत्तर दिले नव्हते. मी दोन थंड वाक्यांचे पत्र दिले. शिष्यवृत्ती मिळाली नाही, आणि तो नोकरीस लागला. निवृत्तीनंतर एका लग्नात तो भेटला. वाकून नमस्कार केला आणि संकोचत म्हणाला, ‘सर, एक दाखवायचं होतं.’ दुसऱ्या दिवशी तो चार वह्या घेऊन घरी आला. माळव्यातील मराठी घरांत बोलले जाणारे, पुण्या-मुंबईस अपरिचित असे शब्द त्याने तीस वर्षे टिपून ठेवले होते. कोणाकडून ऐकला, कोणत्या मोहल्ल्यात, कोणत्या प्रसंगी, सर्व नोंदींसह. माझ्या एकाही पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने इतके चिकाटीचे काम केले नव्हते.

हा प्रसंग मी बखरकारासारखा सांगू इच्छित नाही. शिष्यवृत्ती मिळाली असती तर तो मोठा भाषाभ्यासक झालाच असता, असे मला म्हणता येत नाही. कदाचित झाला नसता. मला ठाऊक आहे ते एवढेच, की मी त्याच्या अडखळण्याची परीक्षा घेतली, चिकाटीची घेतली नाही. जे मोजता आले ते मोजले. आणि तो स्वतः वह्या घेऊन आला नसता, तर माझी चूक मला कधीच कळली नसती.

नातवाला मी शेवटी काय उत्तर दिले, ते सांगून संपवितो. २५ एप्रिल २०२४ रोजी ॲन आर्बरपासून तासाभराच्या आतल्या अंतरावरील डेट्रॉइट शहरात ड्राफ्टची पहिली फेरी झाली, ती आम्ही दूरदर्शनसमोर बसून पाहिली. पहिल्या बारा निवडींत सहा क्वार्टरबॅक घेतले गेले. मॅकार्थी दहाव्या क्रमांकाने मिनेसोटाकडे गेला. मी नातवाला म्हणालो, ‘बाळ, तो चांगला खेळाडू आहे एवढे दिसते. पुढचे अजून घडायचे आहे, ते मी कसे सांगू?’ त्याला ते उत्तर पळपुटेपणाचे वाटले. ऑगस्टमध्ये मॅकार्थीच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो हंगाम त्याला बसून काढावा लागला. मघाशी सांगितलेल्या डार्नोल्डला संधी मिळाली ती याच जागेवर! २०२५ मध्ये मॅकार्थी आपल्या पहिल्याच सामन्यात शेवटच्या चतुर्थांशात मागून येऊन जिंकला, आणि लगोलग पुन्हा जायबंदी झाला. नातवाने मला कळविले, ‘आजोबा, तुमचंच खरं.’ पण माझे काहीच खरे ठरलेले नव्हते. मी फक्त पान कोरे ठेवले होते.

आपल्या भाषेत म्हण आहे, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. ते दिसतात, हे खरे. परंतु ते पाय कोणत्या वाटेने जातील, त्या वाटेवर काटे किती आणि सावली किती, हे पाळण्यात दिसत नाही. शिक्षकाला अंदाज टाळता येत नाही. कोणाला पुढे बसवावे, कोणाला शिष्यवृत्ती द्यावी, हे ठरवावेच लागते. मात्र अंदाज करताना तीन गोष्टी पाळता येतील : एका दिवसाच्या चाचणीपेक्षा दीर्घ काळच्या कामाकडे पाहावे, मुलाबरोबर त्याला मिळणाऱ्या जागेचाही विचार करावा, आणि ज्याला आज नाकारले त्याच्यासाठी उद्याचे दार उघडे ठेवावे.

सरांना मी विचारले होते, पेन्सिल का? ते म्हणाले होते, ‘अरे, तुम्ही अजून वाढताय. शाईने लिहिलं तर मला खोडता येणार नाही, आणि तुम्हांला बदलता येणार नाही.’ माझ्या नावापुढे त्यांनी काय लिहिले होते ते मी कधी पाहिले नाही. परंतु शाळा सोडल्यावर अनेक वर्षांनी, माझा प्रबंध मान्य झाल्याचे सांगण्यास मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी कपाटातून ती जुनी वही काढली, एक पान उलगडले, आणि माझ्यासमोरच खोडरबर हाती घेतले.